वायर वरच्या बाजूला

टेलिफोन या विषयातला माझ्याइतका जाणकार माणूस आमच्या अख्ख्या गल्लीत दुसरा नव्हता. घरात फोन नव्हता, ही गोष्ट वेगळी! काठावर उभं राहून पोहायला शिकवणारे असतातच की!

फोन कुठल्या कोपऱ्यात ठेवायचा, घंटा किती वेळ वाजू द्यायची ("लगेच उचलला तर माणूस रिकामटेकडा वाटतो!"), कोणाला वापरू द्यायचा आणि कोणाला 'आज लाइन खराब आहे' म्हणून वाटेला लावायचं, हे सगळं माझं ठरलेलं होतं. रोज संध्याकाळी मी बायकोचा सराव घेत असे. तिच्या हातात बुटाचा ब्रश द्यायचा आणि म्हणायचं, "हं, वाजली घंटा. उचल!"

"अहो, पॉलिश लागतंय गालाला!"

"फोनला पॉलिश नसतं. आणि किती वेळा सांगायचं? वायर नेहमी वरच्या बाजूला! खांद्यावरून मागे सोडायची. खाली लोंबत ठेवली की पायात अडकते आणि माणूस तोंडावर आपटतो."

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? साधी अक्कल आहे!"

मी एका कारखान्याच्या गोदामात कारकून होतो. कारखान्यात फोन होता, पण तो साहेबांच्या केबिनमध्ये. दाराच्या काचेतून जेवढा दिसायचा, तेवढ्यावर माझा सगळा अभ्यास. साहेब पाठमोरे बसत, त्यामुळे काही बारकावे मला तर्काने भरून काढावे लागले होते.

फोनसाठी अर्ज केला तेव्हा आमची मुलगी अंगणात दोरीवरच्या उड्या मारत होती. पुढे तिची शाळा संपली, शिक्षण संपलं, लग्न होऊन ती दूरच्या गावी सासरी गेली, आणि आमचा नंबर आपला यादीत मुंगीच्या पावलाने सरकतोय! मी अधूनमधून टेलिफोन ऑफिसच्या खिडकीशी जाऊन विचारायचो, "आमचं काय झालं?"

"यादीत आहात."

"हो, पण फोन कधी?"

"यादीत आहात ना? मग झालं तर!"

जणू यादीत असणं हाच एक मान होता.

इतकी वर्षं मीही ते हसण्यावारी नेलं. पण त्या वर्षी मुलीला दिवस गेले आणि हसू पळालं. तिचं पत्र यायचं: पायांना सूज आहे, डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय, काळजी करू नका. काळजी करू नका म्हणे! पत्र पोचायला आठवडा लागायचा. म्हणजे आज ती बरी आहे की नाही, हे आम्हाला पुढच्या आठवड्यात कळणार! बायको पत्र चारचारदा वाचून उशीखाली ठेवायची. तिच्या थोरल्या बहिणीचं असंच झालं होतं. पायांना सूज, मग ताप, आणि मग जे झालं त्याचं पत्र सगळं उरकल्यावर आलं होतं. ती हे बोलून दाखवायची नाही. पण पोस्टमन दिसला की तिचा चेहरा पांढरा पडायचा.

एका पत्रात मुलीने लिहिलं होतं, 'हॉस्पिटलमध्ये फोन आहे. आपल्याकडे तोवर फोन आला तर किती बरं होईल! बाळ झालं की लगेच करीन.'

"येईल ना हो तोवर?" बायकोने विचारलं.

"येईल ना म्हणजे? बाळाचं रडणं याच कोपऱ्यात तुझ्या कानाला लावून ऐकवीन! शब्द आहे माझा!"

तिने लगेच फोनवर घालायला लोकरीचा रुमाल विणायला घेतला. मापं मी दिली, तर्कानेच!

आणि काय सांगू, पुढच्याच आठवड्यात टेलिफोन ऑफिसचं कार्ड आलं! आमचा नंबर लागला होता! मी नाचलो. बायकोने डोळे पुसले. मग मी कार्डाची दुसरी बाजू वाचली आणि नाचायचा थांबलो. तिथे छापलं होतं: अधिकारी लवकरच पाहणीला येतील. अर्जदाराने स्वतः हजर राहून सही करावी. घर बंद असल्यास किंवा अर्जदार सही देऊ न शकल्यास नंबर यादीतील पुढील अर्जदारास देण्यात येईल.

लवकरच म्हणजे कधी, ते ब्रह्मदेवालाही ठाऊक नसावं! पण यादीतला पुढचा कोण, हे मला चांगलं ठाऊक होतं. पुढचा म्हणजे भिंतीपलीकडचा घड्याळवाला!

हा घड्याळवाला एकटाच असायचा. घरीच खिडकीत बसून, डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त करायचा. अर्ज करायला आम्ही दोघं एकाच सायकलवर गेलो होतो. रांगेत पुढे मी, मागे तो. तेव्हा दोस्ती होती. नंतर मी त्याला माझं भिंतीवरचं घड्याळ दुरुस्तीला दिलं. परत आलं ते मागे पडायला लागलं. मी तसं सांगितलं, तर हा काय म्हणतो? "घड्याळ बरोबर आहे. तुम्हीच पुढे पळता!"

झालं! त्या दिवसापासून बोलणं बंद. आणि आता तोच माणूस खिडकीत बसून रस्त्यावर नजर ठेवून होता. आमच्या दाराला कुलूप लागायचा अवकाश, की तो अधिकाऱ्याला सांगणार, 'ते नाहीत घरी, या इकडे!' मला तर तो भिंगातून आमचं दारच बघतोय असं वाटायचं. एकदा मी कोपऱ्यावर दाढीचं पातं आणायला गेलो, तर अर्ध्या वाटेतून पळत परत आलो. दाढी राहिली ती राहिलीच.

घरी थांबायचं तर रजा हवी. रजा सगळी मुलीच्या लग्नात संपलेली. मग उरलं आजारपण. मी झकास अर्ज लिहिला: पाठीचा मणका सरकला आहे, उठता येत नाही, बसता येत नाही, तरी कृपया रजा मंजूर व्हावी. बायकोने तो कारखान्यात नेऊन दिला आणि मी घरात ठाण मांडलं.

आता एक गोष्ट मात्र ठरत नव्हती. फोनसाठी खिडकीजवळचा कोपरा बरा, की दाराजवळचा? ज्या कोपऱ्यात फोनचं स्टूल ठेवावं तिथलं लोखंडी कपाट हलवावं लागायचं. मी ते सकाळी इकडे ढकलायचो, संध्याकाळी तिकडे. काय आवाज व्हायचा! पलीकडून घड्याळवाला भिंतीवर ठकठक करायचा. मी म्हणायचो, "जळतोय मेला!"

आणि एके सकाळी दार वाजलं. बायकोने उघडलं. दारात एक गुबगुबीत गृहस्थ, हातात काळी चामड्याची बॅग.

"ऑफिसातून आलोय," ते म्हणाले. "तपासायला."

"अहो!" बायको किंचाळली. "आले! आले हो!"

मी आतून अक्षरशः उडी मारून बाहेर आलो. "या, या, साहेब! किती वाट बघायला लावलीत!"

त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं. "रजेवर आहेत ते तुम्हीच का?"

"मीच! स्वतः! जातीने हजर!"

"आणि तुम्ही चक्क उभे आहात?"

"तुमच्यासाठी साहेब, एका पायावर उभा राहीन! आधी हा कोपरा बघून घ्या." आणि मी कपाटाला मिठी मारून ते कर्रर्र करत भिंतीपर्यंत नेलं. "बोला! इथे बरं, की तिथे?"

त्यांनी बॅग छातीशी धरली. "हे कपाट तुम्ही रोज हलवता?"

"दोनदा! सकाळी वाटतं इकडे बरं, संध्याकाळी वाटतं तिकडे."

"आणि पाठ?"

"पाठीला काय धाड भरलीय? ती थाप होती साहेब, तुमच्यासाठी मारलेली! त्याशिवाय कारखाना घरी राहू देतो का?"

"माझ्यासाठी?"

"मग! मुलगी शाळेत होती तेव्हापासून तुमची वाट बघतोय!"

ते सावकाश खुर्चीवर टेकले. "रात्री झोप लागते?"

काय आपुलकीचं खातं आहे हो, मला वाटलं! "कुठली झोप! घंटा ऐकू येते. दचकून उठतो, कोपऱ्यात जाऊन बघतो, तर काहीच नाही!"

"मलाही येते कधीकधी ऐकू," बायको म्हणाली.

त्यांनी तिच्याकडेही नीट निरखून पाहिलं. "आणि मग तुम्ही कोणाशी बोलता वगैरे?"

"सध्या बुटाच्या ब्रशाशी. दाखव गं!"

बायकोने आज्ञाधारकपणे ब्रश कानाला लावला आणि म्हणाली, "हॅलो?"

गृहस्थ उठले. बॅग पुन्हा छातीशी धरली. मी त्यांच्या मागे मागे, "साहेब, भोक कुठे पाडणार? खिडकीतून पाडा, डोक्यावर पाडा, माझी ना नाही!" ते आमच्याकडे तोंड ठेवून, उलट्या पावलांनी दारापर्यंत गेले.

"आराम करा," ते म्हणाले. "दोघांनीही. मी तुमच्या साहेबांना सांगतो."

"माझ्या साहेबांना? त्यांना कशाला?"

"त्यांनीच तर पाठवलं. मी कारखान्याचा डॉक्टर."

आणि त्या देहाने ते दोन दोन पायऱ्या एकदम उतरत निघून गेले.

मी मटकन खाली बसलो. "अगं, मी त्यांना काय काय सांगितलं?"

"सगळं," बायको म्हणाली.

माझी पाचावर धारण बसली. खोटं बोलून रजा घेतली, आणि ते खोटं कारखान्याच्या डॉक्टरला स्वतःच्या तोंडाने, कपाट ढकलून दाखवत सांगितलं! नोकरी गेली. नोकरी गेली तर फोन ठेवायचा कशाच्या जोरावर? मुलीकडे जायचं कशाच्या जोरावर? खरं सांगतो, तेव्हा माझी कंबरही थोडी दुखायला लागली.

बायको मात्र अशा वेळी शहाणी. "रडत बसू नका. आता साहेब दुसरा कोणीतरी धाडतील, खात्री करायला. तुम्ही आडवे व्हा. आणि या खेपेला नीट आजारी पडा!"

तिने पडदे ओढले. मला गळ्यापर्यंत घोंगडीत गुंडाळलं, कपाळावर ओली पट्टी ठेवली, घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या औषधाच्या बाटल्या उशाशी मांडल्या. मला वेगळं काही करावंच लागलं नाही. भीतीने मी आपोआपच थरथरत होतो.

तासाभरात जिन्यात पावलं वाजली. बायकोने पडद्याच्या फटीतून बघितलं. "आला! काडीसारखा आहे. चष्मा, हातात फाइल."

"फोनवाला नाही ना?"

"मला काय माहीत?"

"वायर आहे? शिडी?"

"काही नाही. नुसती फाइल."

"मग तो कारखान्याचाच!" मी म्हणालो. एकदा फसलो होतो, आता काय फसतोय! "फोनवाला वायर आणि शिडीशिवाय येऊच शकत नाही. साधी अक्कल आहे. आणि त्याच्यासमोर फोनचं नाव काढू नकोस, नाहीतर मेलो!"

तो आत आला. अंधारात चाचपडत म्हणाला, "ज्यांचा अर्ज आहे ते कुठे आहेत?"

"ते काय तिथे," बायकोने डोळ्याला पदर लावला. "पडलेत."

"अर्जात लिहिलंय ते सगळं तसंच आहे ना, एवढं बघायला आलोय."

"त्याहून वाईट आहे हो! अर्ज लिहिला तेव्हा निदान बसत तरी होते!"

मी कण्हलो. इतकं छान कण्हलो की बायको स्वतःच दचकली.

"अरेरे," तो म्हणाला. "डॉक्टरांना दाखवलं का?"

"आत्ताच येऊन गेले. काही बोलले नाहीत, पळतच गेले!"

त्या बिचाऱ्याने फाइल उघडली. मग म्हणाला, "यांची एक सही मिळाली असती तर..."

सही? माझ्या डोळ्यांपुढे राजीनामाच उभा राहिला! बायकोच्याही ते ध्यानात आलं. तिने माझा हात उचलला आणि सोडला. मी तो धप्पकन पडू दिला. एक बाटली गडगडत त्याच्या पायापर्यंत गेली.

"नको, नको, राहू द्या!" तो घाईने म्हणाला. मग त्याची नजर कोपऱ्यातल्या स्टुलावर गेली. त्यावर तो लोकरीचा रुमाल होता. त्याने तो हळूच उचलला. "हे कशासाठी विणलंय?"

फोनचं नाव तर काढायचं नाही! बायको गडबडली. "यांच्या डोक्यावर घालायला," ती म्हणाली.

त्याने रुमालाची घडी घालून तो परत जागेवर ठेवला. "मुलंबाळं?"

"एकच मुलगी. लांब असते." इथे बायको खरंच रडायला लागली. "तिची काही बातमीच कळत नाही हो."

"तिला बोलावून घ्या," तो हळू आवाजात म्हणाला. "आता उशीर करू नका." माझ्याकडे एकदा बघून त्याने फाइलमध्ये काहीतरी लिहिलं आणि तो पाय न वाजवता निघून गेला.

दार लागताच मी घोंगडीसकट उठून उभा राहिलो. "जमलं! वाचलो! काय पडला माझा हात, बघितलास?"

बायको खिडकीशी उभी होती. "अहो," ती म्हणाली, "त्या खांबापाशी एक माणूस आहे. खांद्यावर वायर घेऊन. शिडीही आहे."

"आला! फोनवाला आला!"

"आणि तो आपल्याकडे आलेल्या माणसाला साहेब म्हणतोय."

मी खिडकीतून बघितलं. तो काडीसारखा माणूस फाइलमधल्या एका नावावर आडवी रेघ मारत होता. मग मी कसा पळालो, मला आठवत नाही. घोंगडी खांद्यावर, कपाळाला ओली पट्टी चिकटलेली, पायात काही नाही, आणि मी जिना उतरून रस्त्यावर! "साहेब! साहेब, थांबा!"

साहेबांनी वळून पाहिलं आणि शिडीलाच मिठी मारली. शिडी डगमगली. वरचा वायरमन खांबाला बिलगून बोंबलायला लागला.

"पुढे येऊ नका!" साहेब ओरडले.

"अहो, फोनचा अर्ज माझा आहे!"

"तो अर्जदार शेवटच्या घटका मोजतोय! मी आत्ता डोळ्यांनी बघून आलो!"

"तो मीच!"

"मग तुम्ही इथे काय करताय?"

मी हात वर करून दाखवला, खाली करून दाखवला, दोन उड्याही मारल्या. साहेबांचा श्वास हळूहळू ताळ्यावर आला आणि चेहरा कडक झाला. "म्हणजे नाटक होतं? सरकारी माणसापुढे? का पण?"

"मला वाटलं तुम्ही कारखान्याचे. कारखान्याचे आले ते मला वाटलं फोनचे."

"काय?"

मी परत पहिल्यापासून सांगायला लागलो. इतक्यात मागून कोणीतरी म्हणालं, "हा माणूस ठणठणीत आहे, साहेब."

घड्याळवाला! कपाळावर भिंग चढवलेलं, हातात चिमटा. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "रोज दोनदा कपाट ढकलतो. माझी भिंतीवरची घड्याळं हलतात. याची मुलगी अवघडलेली आहे, दुखणाईत आहे. भिंतीतून सगळं ऐकू येतं मला. फोन यालाच द्या."

"तुम्ही कोण?"

"यादीतला पुढचा."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "पुढचा नंबर ज्याचा, तो म्हणतो मला नको, याला द्या? माझ्या अख्ख्या नोकरीत असं झालेलं नाही! एक मरायचं सोंग घेतो, दुसरा फोन नको म्हणतो. तुमची दोघांची काहीतरी मिलीभगत आहे!" त्यांनी फाइल पुढे केली. "हे बघा, खोडलंय. शाईने. खोडलेला परत लिहिता येत नाही. तुम्ही घेताय, की तुमच्या पुढच्याला देऊ?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच घड्याळवाल्याने माझ्याकडे बघितलं. विचारत होता तो मला, नुसत्या डोळ्यांनी. मी ज्याला इतके दिवस टपून बसलेला समजत होतो, तो माझ्यासाठी अनवाणी खाली उतरला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"घ्या," मी म्हणालो. "घ्या तुम्ही."

वायर आमच्या खिडकीच्या नाकासमोरून गेली आणि त्याच्या खिडकीत शिरली. संध्याकाळी भिंतीपलीकडे चाचणीची घंटा वाजली. बायको भांडी घासत होती, तिचे हात थांबले. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच घड्याळवाल्याकडे गेली, नंबर विचारून आली आणि तिने मुलीला पत्र टाकलं.

नोकरीचं म्हणाल, तर ती वाचली! डॉक्टरांनी अहवालात लिहिलं होतं: पाठ उत्तम, डोक्याला विश्रांतीची नितांत गरज, पत्नीलाही संसर्ग. कारखान्याच्या साहेबांनी मला महिनाभर पगारी रजा दिली. परत गेलो तेव्हा ते माझ्याशी लहान मुलाशी बोलावं तसं हळू बोलायचे आणि मला बघितलं की टेबलावरची कात्री खणात टाकायचे.

पण त्या महिन्याचं काय सांगू! मुलीचं शेवटचं पत्र आलं, 'दवाखान्यातच ठेवून घेतलंय,' आणि त्यानंतर काही नाही. आम्ही दोघं भिंतीला कान लावून बसायचो. पलीकडे फोन वाजला की दोघांचाही श्वास अडकायचा. घड्याळवाला म्हणायचा, "हो, हो, दुरुस्त झालंय, घेऊन जा," आणि आम्ही पुन्हा श्वास घ्यायचो. मला भीती वाटत होती. चेष्टा नाही, मनापासून भीती वाटत होती. फोन येत नाही म्हणून भीती, आणि आला तर काय ऐकवेल म्हणून त्याहून मोठी भीती!

एक दिवस दुपारी बायको कपडे वाळत घालत होती, आणि पलीकडची घंटा वाजली. लांब, थांबेचना. मग भिंतीवर दणादणा बुक्के. "धावा! वहिनी, धावा! दवाखान्यातून फोन!"

आम्ही धावलो. बायकोच्या हातात ओलं धोतर तसंच. घड्याळवाल्याच्या खोलीत चारी भिंतींवर घड्याळं टिकटिक करत होती. त्याने रिसीव्हर माझ्या हातात दिला. मी तो नीट पकडला, वायर वरच्या बाजूला केली, खांद्यावरून मागे सोडली आणि ओरडलो, "हॅलो!"

काही नाही.

"हॅलो! हॅलो! बाळ, मी बोलतोय!"

कानात नुसती शांतता. खाली तोंडाजवळ कुठेतरी मांजरीच्या पिलासारखं काहीतरी चिरकत होतं, त्याच्याकडे लक्ष द्यायला मला सवड नव्हती.

"काय म्हणतेय?" बायकोने विचारलं.

"काही नाही. कोणी बोलतच नाही."

"बोलत नाही म्हणजे?"

मी तिच्याकडे बघितलं. तिच्या मनात बहीण आली, हे मला कळलं, कारण माझ्याही मनात तेच आलं. कोणाला तरी सांगवत नाहीये. तिकडे कोणीतरी फोन धरून उभं आहे आणि त्याला सांगवत नाहीये. बायको भिंतीला टेकत टेकत खाली बसली. ते ओलं धोतर तिने तोंडावर धरलं. घड्याळं तेवढी वाजत राहिली.

घड्याळवाला उठला. त्याने भिंग कपाळावर चढवलं, माझ्या हाताकडे नीट बघितलं, माझं मनगट धरलं आणि रिसीव्हर खालचा वर, वरचा खाली केला.

"ट्यांऽ ट्यांऽ ट्यांऽ!"

काय रडत होतं हो! कान फाटला माझा! आणि त्या रडण्यातून मुलीचा आवाज, दमलेला, पण तिचाच! "बाबा! मुलगी झाली! आम्ही दोघी छान आहोत! बाबा, मघापासून ओरडतेय, ऐकू येत नव्हतं का?"

मी फोन बायकोच्या कानाला लावला. ती खाली बसल्या बसल्याच हसत होती, रडत होती, "हो गं, हो गं," एवढंच म्हणत होती. बाळाचं रडणं तिला ऐकवीन म्हणालो होतो. ऐकवलं! कोपरा दुसऱ्याचा होता, एवढंच.

बोलणं संपल्यावर ती घरी जाऊन तो लोकरीचा रुमाल घेऊन आली आणि तिने तो घड्याळवाल्याच्या फोनवर घातला. मापं सपशेल चुकली होती.

मी डोळे पुसले, घसा खाकरला आणि काहीतरी बोलावं म्हणून बोललो, "लाइन जरा खराब होती सुरुवातीला."

घड्याळवाला पुन्हा खिडकीत जाऊन बसला होता. भिंग डोळ्यावर ओढत, मान वर न करता तो म्हणाला, "लाइन चांगली होती. आणि तुमचं ते घड्याळही बरोबर होतं."

मी मान डोलावली. फोन त्याचा होता ना!